शिआनला पहिल्यांदा जाताय? आधी मोबाईल, मग पोट, मग मातीचे सैनिक

चीनला जाणारे आपल्याकडचे बहुतेक जण बीजिंग-शांघाय करून परततात. सहलीच्या कार्यक्रमात शिआन असलंच तर एका मुक्कामापुरतं असतं. सकाळी पहिल्या सम्राटासाठी पुरलेले मातीचे सैनिक, दुपारी पॅगोडा आणि रात्री कुठल्यातरी भारतीय हॉटेलात पनीर. हे शहर असं उरकायचं नाही. छांगआन या नावाने ते हान आणि थांग राजवटींची राजधानी होतं आणि रेशीम मार्ग इथूनच पश्चिमेकडे निघायचा. जेवणही भाताचं नाही, गव्हाचं आहे, त्यात मेंढीचं मटण, जिरं, तीळ, लाल मिरची आणि भरपूर व्हिनेगर. आपण गाडीवर ज्याला ‘चायनीज’ म्हणतो त्याच्याशी याचा काडीचा संबंध नाही.

तीन पूर्ण दिवस काढा. भाषा येत नाही म्हणून फारसं अडत नाही. अडतं ते मोबाईल आणि पासपोर्टापाशी, म्हणून सुरुवात घरातून करू.

निघण्यापूर्वी, घरी बसून

पर्यटन व्हिसा भारतीयांना पुन्हा मिळू लागला आहे आणि 2025 च्या ऑक्टोबर अखेरीपासून थेट विमानंही सुरू झाली. यूट्यूबवर 240 तासांच्या विनाव्हिसा ट्रान्झिटचे व्हिडिओ दिसतील, त्यांच्या नादी लागू नका. भारतीय पासपोर्ट सध्या त्या यादीत नाही. व्हिसा हातात आल्याशिवाय परत न मिळणारं तिकीट काढू नका.

त्यानंतरचं काम म्हणजे पैसे. अलीपे आणि वीचॅट ही दोन्ही अ‍ॅप मुंबईत किंवा पुण्यात असतानाच उतरवून घ्या, पासपोर्टने ओळख पटवा आणि आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचे परदेशी व्यवहार चालू करायला विसरू नका. तिथे भाजीवालीपासून मेट्रोपर्यंत सगळीकडे क्यूआर कोड चालतो. परदेशी कार्डावर 200 युआनपर्यंतच्या एका व्यवहाराला अ‍ॅपचं शुल्क लागत नाही, त्यावर गेलात की साधारण 3 टक्के लागतं, आणि तुमच्या बँकेचं परकीय चलनाचं शुल्क वेगळं. त्यामुळे छोटी बिलं आपापली भागवलेली बरी. एक युआन म्हणजे अंदाजे 12-13 रुपये धरून चाला. सुट्ट्या नोटांत थोडी रोकड जवळ असू द्या. फोन बंद पडला की तीच कामाला येते.

इंटरनेटचं दुखणं सगळ्यांना ऐकून माहीत असतं. गुगल, जीमेल, व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूब तिथल्या वायफायवर उघडत नाही. पण भारतीय सिमचं आंतरराष्ट्रीय रोमिंग किंवा परदेशी प्रवाशांसाठीचं ई-सिम घेतलंत तर हे सगळं चालतं, कारण तो डेटा चीनबाहेरून फिरून येतो. मला रोमिंगच बरं वाटतं. महाग पडतं, पण बँकेचा ओटीपी त्याच सिमवर येतो आणि तो नसेल तर कार्ड जोडणंही लटकतं. नकाशासाठी गुगलवर विसंबू नका, तिथे त्यातल्या जागा सरकलेल्या दिसतात. आमॅप हे चिनी अ‍ॅप किंवा आयफोनवाल्यांनी ॲपलचा नकाशा वापरावा. भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये चिनी भाषेचं ऑफलाइन पॅकेज आधीच उतरवून ठेवा.

आता आरक्षणं. शिआनमधली मोठी ठिकाणं पासपोर्ट क्रमांकावर तिकीट देतात, आणि गर्दीच्या दिवसांत तिकीटं आधीच संपतात. मातीच्या सैनिकांचं तिकीट आणि शान्शी इतिहास संग्रहालयाची वेळ या दोन गोष्टी निघण्यापूर्वी मार्गी लावा. संग्रहालयाचा मुख्य भाग फुकट आहे आणि म्हणूनच त्याची वेळ मिळणं जास्त कठीण. आरक्षण काही दिवस आधीच खुलं होतं, ते खुलं झालं की लगेच पकडायचं. सोमवारी संग्रहालय बंद असतं, तेव्हा दिवस आखताना कॅलेंडर बघा.

एक बारीक गोष्ट खास आपल्या लोकांसाठी. महाराष्ट्रातल्या पासपोर्टांवर स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. ट्रेनचं, विमानाचं, संग्रहालयाचं तिकीट काढताना ते मधलं नाव गाळू नका. पासपोर्टवर जसं छापलंय तसंच, त्याच क्रमाने भरा. ट्रेनला वेगळं कागदी तिकीट लागत नाही. पासपोर्ट हेच तिकीट, त्यामुळे नाव जुळलं नाही तर गाडी समोरून जाईल.

कधी जावं? एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर. मात्र 1 ऑक्टोबरपासूनचा राष्ट्रीय सुट्ट्यांचा आठवडा आणि 1 मेच्या सुट्ट्या टाळाच. त्या दिवसांत अख्खा चीन फिरायला बाहेर पडतो. जुलै-ऑगस्टात ऊन फार, जानेवारीत पारा शून्याखाली.

पोहोचणं आणि राहणं

बीजिंगहून वेगवान ट्रेन साडेचार ते सहा तासांत शिआन उत्तर स्थानकावर सोडते. शांघायहून सहा-सात तास लागतात. विमानाने आलात तर विमानतळ शेजारच्या शियानयांगमध्ये आहे. तिथून मेट्रोची 14 क्रमांकाची लाइन शिआन उत्तर स्थानकापर्यंत येते आणि तिथे 2 क्रमांकाची लाइन पकडली की थेट शहराच्या मध्यावर. मेट्रोच्या प्रत्येक स्थानकात बॅग यंत्रातून जाते, त्यामुळे घाईच्या वेळी दहा मिनिटं जास्तीची धरा.

मुक्काम जुन्या तटबंदीच्या आत, झोंगलौ म्हणजे घंटा मनोऱ्याच्या आसपास, किंवा दक्षिण दरवाजाजवळ योंगनिंगमन स्थानकापाशी घ्या. दोन्ही 2 क्रमांकाच्या लाइनवर आहेत. बाहेरच्या भागात खोली स्वस्त मिळते, पण संध्याकाळी पायी खायला निघायची मजा जाते. आरक्षण करण्याआधी हॉटेल परदेशी पाहुणे घेतं का ते विचारा. हॉटेलवाले तुमची पोलिसांकडची नोंद स्वतः करतात. ओळखीच्यांच्या घरी उतरणार असाल तर 24 तासांच्या आत पोलीस ठाण्यात जाऊन ती तुम्हालाच करावी लागते.

पहिली संध्याकाळ: तट आणि गल्ल्या

शहराला चारही बाजूंनी मिंग काळातला तट आहे. चौदाव्या शतकातला, सुमारे 12 मीटर उंच, 13.7 किलोमीटर घेराचा आणि वरून इतका रुंद की दोन मोटारी आरामात शेजारून जातील. दक्षिण दरवाजातून वर चढा, सायकल भाड्याने घ्या आणि पूर्ण फेरी मारा. दीड-दोन तास पुरतात. वर सावली अजिबात नाही, म्हणून उन्हाळ्यात चार वाजल्यानंतरच चढायचं. विटा खडबडीत आहेत, कंबरेचा त्रास असेल तर सायकल नको, एका दरवाजापासून पुढच्या दरवाजापर्यंत चाला. पाऊस आला की सायकली देणं थांबवतात.

अंधार पडताना खाली उतरून घंटा मनोऱ्याकडे या. 1384 सालचा हा मनोरा आता एका मोठ्या चौकाच्या मधोमध आहे. वर चढण्यापेक्षा बाहेरून दिवे लागलेले बघणं जास्त सुंदर, पैसेही वाचतात. तिथून पाच मिनिटांवर ढोल मनोरा आहे आणि त्याच्या कमानीतून पलीकडे गेलं की मुस्लिम मोहल्ला सुरू होतो. इथे ह्वे या चिनी मुस्लिम समाजाचे लोक पिढ्यानपिढ्या राहतात.

ढोल मनोऱ्यापासून सरळ जाणारा बेयुआनमन हा मुख्य रस्ता म्हणजे नुसता गोंगाट. काठीला खोचलेलं मटण, डाळिंबाचा रस, फोटो काढणारी गर्दी. एकदा बघून घ्या, पण पोट तिथे भरू नका. डावीकडच्या गल्ल्यांत शिरा, दापीयुआन आणि त्याहून पुढे साजिनछ्याओच्या बाजूला जा. तिथे शाळेतून परतणारी मुलं, दारात खुर्ची टाकून बसलेले म्हातारे आणि रोजचं गिऱ्हाईक असलेली दुकानं सापडतात. साजिनछ्याओला 1 क्रमांकाच्या लाइनचं स्वतःचं स्थानक आहे, त्यामुळे सकाळी नाश्त्यालाही तिथेच जाता येतं.

दापीयुआनला जाण्यापूर्वी, मशीद उघडी असण्याच्या वेळेत, ह्वाज्युए गल्लीतली मोठी मशीद पाहा. परंपरा तिची स्थापना 742 साली सांगते, आजच्या इमारती मुख्यतः मिंग काळापासूनच्या. घुमट नाही, नेहमीसारखा मिनार नाही. एकामागून एक लाकडी दरवाजे, अंगणं, उतरती कौलारू छपरं, आणि दगडी पाट्यांवर चिनीबरोबर अरबी अक्षरं. नमाजाच्या मुख्य दालनात इतर धर्मीयांना प्रवेश नाही. अंगणात मात्र निवांत बसा, बाहेरच्या बाजाराचा आवाज आत येत नाही.

काय खायचं आणि कसं मागायचं

शिआनमध्ये जेवण म्हणजे फावल्या वेळेतली गोष्ट नाही, त्यासाठी दिवसाचा चांगला भाग राखून ठेवा.

सर्वांत आधी यांगरौ पाओमो, मटणाच्या रश्श्यात शिजवलेली रोटी. हे नुसतं मागवून गप्प बसायचं काम नाही. दुकानात बसलात की समोर मोठा रिकामा वाडगा आणि एक-दोन जाड, कोरड्या, अर्धवट भाजलेल्या रोट्या येतात. त्या स्वतः कुस्करायच्या. आधी दोन तुकडे, मग चार, मग प्रत्येक तुकडा आडवा फोडून बोटांच्या चिमटीत घ्यायचा आणि सोयाबीनच्या दाण्याएवढा करत न्यायचा. अर्धा तास जातो. शेजारच्या टेबलावरचे आजोबा गप्पा मारता मारता हे करत असतात, तुमचे मोठे तुकडे पाहून मान हलवतील, काही वेळा वाडगा ओढून हातानेच दाखवतील. तुकडे मोठे ठेवले तर रस्सा आतपर्यंत जात नाही आणि मध्ये पीठ लागतं. झालं की वाडगा क्रमांकाच्या चिठ्ठीसह आत जातो. आचारी एकेक वाडगा वेगळा शिजवतो आणि तुमचाच वाडगा वर मटणाचे काप घालून परत येतो. सोबत गोड मुरवलेला लसूण आणि मिरचीची चटणी असते. ढवळायचं नाही. कडेपासून खात आत यायचं, म्हणजे शेवटपर्यंत गरम राहतं.

मोहल्ल्यातल्या दुकानांत डुकराचं मांस नसतं, पण गायी-बैलांचं असतं. हे लक्षात ठेवा, कारण फलकावर चित्र एकच आणि मांस दोन तऱ्हांचं असं पुष्कळदा दिसतं. ‘यांगरौ’ म्हणजे मेंढीचं, ‘न्यौरौ’ म्हणजे बीफ, ‘झूरौ’ म्हणजे डुकराचं. बीफ चालत नसेल तर ‘बू छ्र न्यौरौ’ एवढं म्हणा आणि तेच चिनी लिपीत फोनवर लिहून समोर धरा. उच्चार चुकला तरी लिहिलेलं चुकत नाही. रौजियामो नावाचा भरलेला पाव मोहल्ल्याबाहेर डुकराचा मिळतो आणि मोहल्ल्याच्या आत बहुधा बीफचा, म्हणून त्याला हात लावण्याआधी विचाराच.

शाकाहारी मंडळींनी घाबरून थेपले आणि चिवड्यावर दिवस काढायची गरज नाही. दोन पदार्थ तुमचे आहेत. पहिला ल्यांगपी: तांदळाच्या किंवा गव्हाच्या पिठाच्या थंड पट्ट्या, त्यावर काकडी, मोडाचे मूग, व्हिनेगर आणि मिरचीचं तेल. मोहल्ल्यात त्यावर तिळाची दाट चटणी घालतात, ती आवर्जून घ्या. दुसरा बियांगबियांग नूडल्स: कंबरेच्या पट्ट्याएवढी रुंद आणि हातभर लांब. यातला ‘यौपो’ हा प्रकार मागा. उकडलेल्या पट्ट्यांवर मिरचीपूड, लसूण आणि पातीचा कांदा ठेवतात आणि वरून धूर निघेपर्यंत तापवलेलं तेल ओततात. चर्र आवाज आणि वास थेट ठेच्यावर फोडणी ओतल्यासारखा. मांसाचा खिमा वेगळा घालतात, तो नको म्हणून ‘बू याव रौ’ सांगा. या दुकानाची पाटी सहज ओळखू येते, तिच्यावर असंख्य रेघांचं एक भलतंच गुंतागुंतीचं अक्षर असतं.

तरी एक सावधगिरी. ‘वो छ्र सू’, म्हणजे मी शाकाहारी खातो, असं सांगितल्यावर मांसाचे तुकडे येणार नाहीत, पण रस्सा हाडांचाच असू शकतो. म्हणून रस्सेदार पदार्थ टाळून कोरडेच घ्या. कडक पाळणारे किंवा कांदा-लसूण न खाणारे असतील तर बौद्ध मंदिरांच्या परिसरातली शाकाहारी उपाहारगृहं शोधा. श्याओझाय स्थानकाजवळच्या दाशिंगशान मंदिराच्या आसपास ती मिळतात. थांग काळात अमोघवज्र या बौद्ध आचार्याने याच मंदिरात ग्रंथांची भाषांतरं केली होती.

गोडात सकाळचं झेंगगाओ चुकवू नका. मोठ्या पातेल्यात चिकट तांदूळ, लाल खजुरासारखी बोरं आणि राजमा थरावर थर लावून तासन्‌तास वाफवतात आणि गरम असताना कापून देतात. दुपारपर्यंत बहुधा संपलेलं असतं. शरद ऋतूत गेलात तर शिआनजवळच्या लिंतोंगच्या तेंदू जातीच्या लाल फळांचे तळलेले गोड वडे आणि तिथलीच डाळिंबं घ्या. प्यायला सुआनमेइथांग हे आंबट-गोड आलुबुखाऱ्याचं सरबत किंवा काचेच्या बाटलीतला बिंगफंग नावाचा संत्र्याचा सोडा. ल्यांगपी, रौजियामो आणि बिंगफंग हे त्रिकूट इथल्या लोकांचं नेहमीचं जेवण आहे.

साध्या दुकानात ल्यांगपी 10 युआनच्या आसपास, नूडल्स 15 ते 25, पाओमो 30 ते 45 युआन. टीप देत नाहीत, देऊही नका. काटे-चमचे नसतील, पण चमचा मागितला की मिळतो. प्यायला गरम पाणीच येईल, नळाचं मात्र पिऊ नका.

दुसरा दिवस: लिंतोंगचे सैनिक

1974 च्या मार्चमध्ये विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांच्या कुदळीला मातीचं डोकं लागलं आणि चीनचा पहिला सम्राट छिन श्र-ह्वांग याची फौज उजेडात आली. इ.स.पू. 221 मध्ये त्याने देश एका छत्राखाली आणला, 210 मध्ये तो वारला. त्याची समाधी जवळच आहे, टेकडीसारखा उंचवटा दिसतो. ती अजून उघडलेली नाही.

जायचं कसं? 1 क्रमांकाच्या मेट्रोने फांगझ्रछंग, तिथून 9 क्रमांकाच्या लाइनने ह्वाछिंगछ्र आणि पुढे बस किंवा टॅक्सी. सगळं मिळून दीड-दोन तास. शहरातल्या रेल्वे स्थानकासमोर ‘सैनिक, सैनिक’ ओरडणारे दलाल भेटतात. त्यांच्या गाड्या वाटेत जेडच्या दुकानात आणि नकली पुतळ्यांच्या प्रदर्शनात थांबतात. मान हलवून पुढे चला.

प्रवेशाचं तिकीट 120 युआनचं आहे. आत गेल्यावर बहुतेक जण खड्डा क्रमांक 1 कडे धावतात. तुम्ही आधी 3, मग 2, शेवटी 1 असं करा. 3 लहान आहे, सेनापतींच्या ठाण्याचा. 2 मध्ये काचेच्या पेटीत एकेक पुतळा अगदी जवळून बघता येतो. गुडघा टेकलेल्या धनुर्धराच्या मागे जाऊन उभे राहा. त्याच्या बुटाच्या तळव्यावरचे टाकेसुद्धा मातीत कोरलेत, टाचेकडे आणि चवड्याकडे दाट, मध्ये विरळ. पाठीवर लाल रंगाचे अवशेष दिसतात. हे सगळे पुतळे मूळचे रंगीत होते, हवा लागल्यावर रंग सुकून झडले. मग 1 क्रमांकात शिरलात की 230 मीटर लांबीच्या त्या शेडचा अर्थ लागतो. उभा असलेला प्रत्येक जण तुकड्यांतून जोडलाय, आणि मागच्या बाजूला अर्धवट जुळवलेले सैनिक अजून उभे आहेत.

अर्धा दिवस पुरतो. बाहेर पडताना दुकानांची लांबच लांब रांग लागते, जेवण तिथे महाग आणि बेचव. फळं, बिस्किटं सोबत ठेवा आणि खरं जेवण शहरात परतूनच करा.

तिसरा दिवस: पॅगोडा आणि संग्रहालय

सकाळी संग्रहालय, श्याओझाय स्थानकावरून चालत. शिआनमधल्याच हज्याछुन इथे 1970 मध्ये सापडलेल्या थांग काळातल्या ठेव्यातलं प्राण्याच्या डोक्याचं अकीकाचं पानपात्र बघायला लोक रांगा लावतात. वेळ मिळालीच नाही तर हळहळू नका. छोटा रानहंस पॅगोडा आणि त्याच्या आवारातलं शिआन संग्रहालय तुलनेने निवांत असतं, झाडीही छान आहे.

दुपारी मोठा रानहंस पॅगोडा, मेट्रो 3 किंवा 4 चं दायांथा स्थानक. मराठी माणसाने इथे थोडं जास्त थांबावं. ह्युएनत्संग भारतातून 645 साली 657 ग्रंथ घेऊन परतला आणि ते ठेवण्यासाठी 652 मध्ये हा पॅगोडा बांधला गेला. त्याच प्रवासात तो महाराष्ट्रात आला होता. आपल्याकडचे लोक उपकार न विसरणारे आणि अपमानाचा सूड घेणारे आहेत, असं त्याने लिहून ठेवलंय, आणि हर्षवर्धनाला न जुमानणाऱ्या पुलकेशीची नोंदही त्यात आहे. डोंगरातल्या ज्या विहाराचं तो वर्णन करतो तो अजिंठाच असावा असं अभ्यासक मानतात. पॅगोडाच्या दक्षिण दाराशी सम्राट थायत्सुंग आणि काओत्सुंग यांच्या लेखांच्या दोन शिळा आहेत, अक्षर छू स्वेल्यांग या सुलेखनकाराचं. वर चढायला वेगळं तिकीट लागतं. जिने अरुंद आहेत आणि दृश्य आता उंच इमारतींचं आहे, त्यामुळे गुडघे कुरकुरत असतील तर खालीच थांबा.

रात्री पॅगोडाच्या दक्षिणेला थांग थाटाचा रोषणाईचा लांब रस्ता आहे, सगळं नवीन बांधलेलं. भाड्याच्या जुन्या पोशाखात नटलेल्या मुली शेकड्यांनी दिसतात. मला तो तासाभरात पुरला, मुलं बरोबर असतील तर दोन तास जातील.

परतताना

पॉवर बँक बघून घ्या. चीनच्या देशांतर्गत विमानांत 28 जून 2025 पासून ‘3सी’ ही चिनी प्रमाणपत्राची खूण नसलेली पॉवर बँक नेता येत नाही आणि भारतात घेतलेल्या बहुतेकांवर ती नसते. तपासणीत काढून ठेवावी लागते. तिथेच खूण असलेली एक विकत घ्या किंवा ट्रेनने जा. आपल्या गोल पिनांचे चार्जर तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाहीत, अ‍ॅडॉप्टर लागतो. खिशात टिश्यू असू द्या, सार्वजनिक स्वच्छतागृहांत कागद असेलच असं नाही.

घरी न्यायला मोहल्ल्यातले भाजलेले अक्रोड आणि तिळाचे बत्तासे चांगले. मिरचीच्या तेलाची बरणी घेतलीत तर ती कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत ठेवली तर सुरक्षा तपासणीत काढून घेतील.